झिजलेला उंबरठा

पेडण्याच्या बसस्टँडवर म्हापशाची गाडी सुटायची होती. माझ्या पुढच्या बाकावर गावच्या देवस्थान कमिटीचे अध्यक्ष बाबाजी बसले होते. इंग्लंडला मुलाकडे दोन महिने राहून आलेले. शेजारी त्यांच्याच गावच्या निवृत्त शिक्षिका विनोदिनीबाई.

“बाई, तिथल्या गावातली इगर्ज, ते जुनं चर्च हो, बघून मी थक्क झालो. नऊशे वर्षं झाली, पण एक दगड हलवलेला नाही.”

“नऊशे?”

“व्हय तर! दाराचा उंबरठा झिजून मधोमध बशीसारखा खोल झालाय. पण बदलत नाहीत. एवढ्या लोकांची पावलं लागली, तो काढायचा कसा, म्हणतात.”

“आपल्या देवळाचाही तसाच झिजला होता.”

“म्हणून तर पहिला तोच उखडला! आता काळा ग्रॅनाईट घातलाय. त्यात तोंड दिसतं.”

“दिसतं खरं. परवा घसरून पडले, तेव्हा माझं मी जवळून बघितलं.”

“आणि त्यांच्या छपराचे लाकडी वासे! किड्यांनी पोखरलेत, तरी जिवापाड जपतात हो.”

“आपले फणसाचे कोरीव खांब कुठे गेले?”

“ते किनाऱ्यावरच्या एका हॉटेलवाल्याने नेले. दारूच्या बारला शोभतात म्हणे.”

“म्हणजे जुना असा देवच तेवढा राहिला.”

“चेष्टा नको हां बाई. तिथल्या पाद्र्याने मला मुद्दाम विचारलं, तुमचं देऊळ किती जुनं?”

“काय सांगितलंत?”

“म्हटलं, जुनं कसलं? गेल्या मे महिन्यात नवंकोरं बांधलं! फोटोही दाखवला. बिचाऱ्याने चष्मा पुसून फोटो पुन्हा बघितला.”

“मग?”

“मग काय! हेवा वाटला असणार.”