मातीत कायले पुरलं?

माननीय अध्यक्ष मारोतराव, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, आजचे सत्कारमूर्ती डॉक्टर राजदीप साहेब आणि समोर बसलेल्या बंधूभगिनींनो, सगळ्यांना जय भीम, नमस्कार.

मी ममता. अंगणवाडीतल्या लेकरांपुढे बोलायची सवय आहे, माईकपुढे नाही. त्यातून साहेबांची बदली झाली म्हणून अभिनंदन करावं, तर जीभ रेटत नाही. साहेबांची माझी ओळख झाली ती शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर. अशी ओळख कुणाचीही होऊ नये.

माझे पती अश्वजित दारव्ह्याजवळच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. कापसावर पाणी मारतात, म्हणून तिथली फरशी ओलीच असायची. एके दिवशी ते मशीनजवळ कोसळले. मॅनेजर म्हणाला, "फिट आली." त्यांना उभ्या जन्मात कधी फिट आली नव्हती! पण गावात सुटलेला शब्द कोण आवरणार? "हा रोग घराण्यातला असते," असं म्हणत बायका माझ्या दीपाकडे पाहू लागल्या. नवरा गेलाच होता, आता लेकीलाही डाग लागत होता.

माझ्या सासूबाई, तुळसाबाई, खोलीच्या दारातच बसल्या. "माह्या लेकराले चिरू नका." साहेब रागावले नाहीत. त्यांच्याजवळ खाली बसले. म्हणाले, "आई, काय झालं ते आता तोच सांगू शकते. मले त्याले विचारू द्या." आईंनी दार सोडलं.

काही वेळानं साहेब बाहेर आले आणि जिनिंगमधल्या सोबत्याला, आमच्या गोविंदाभाऊंना, विचारलं, "याच्या कानात, केसात माती कुठून आली?"

"मातीत पुरलं होतं साहेब. गळ्यापर्यंत."

"फिट आलेल्याले कांदा हुंगवतेत, गोविंदा. मातीत कायले पुरलं?"

तुम्हाला वेगळं सांगायला नको. करंट लागलेल्याला आपण पुरतो, माती करंट ओढून घेते म्हणून. गोविंदाभाऊ मान खाली घालून म्हणाले, "करंटच होता साहेब. मॅनेजरनं बोलू देल्लं नाही." मग साहेबांनी अश्वजितची मिटलेली मूठ उघडून दाखवली. बोटाच्या घडीत फिकट, कडा उचललेला बारीकसा खळगा होता, करंट शिरल्याची खूण. पुढे तपासात मशीनची अर्थिंगची तार तुटलेली निघाली. रिपोर्टात विजेचा धक्का असं कारण आलं. दीपा सुटली.

पण गोविंदाभाऊंनी तिथेच विचारलं होतं, "मातीत नसतं पुरलं, तर वाचला असता का?" साहेब "छाती दाबली असती तर कदाचित," एवढंच बोलले. तो 'कदाचित' मला अजून झोपू देत नाही. नंतर साहेब सुट्टीच्या दिवशी जिनिंग-जिनिंग फिरले. आधी मेन बंद करा, मग छाती दाबा, असं शिकवत राहिले. पहिल्या दिवशी सगळ्यांत पुढे बसले होते गोविंदाभाऊ.

मागच्या हंगामात जिनिंगमध्ये धनसिंगभाऊंना विजेचा धक्का बसला. गोविंदाभाऊंनी छाती दाबली. धनसिंगभाऊ आज समोर बसले आहेत. भाऊ, तुम्हाला पाहून बरं वाटते, आणि खरं सांगू का, रडूही येते.

साहेब, नव्या गावी तुमच्या टेबलावर अशी माणसं कमी येवोत. आयोजकांनी मला बोलायला उभं केलं, त्यांचे आभार. निरोपाच्या कार्यक्रमात काही अधिक-उणं बोलले असेन, तर लेक समजून पोटात घाला.

आणि गोविंदाभाऊ, माफीचं निघालंच आहे तर ऐका. तुम्ही माझ्या घरासमोरून जाताना अजून मान खाली घालता. घालू नका. तुम्ही माह्या माणसाले वाचवासाठीच पुरलं होतं.