मार्लकोमचे अकरा टोले

सन्माननीय अध्यक्ष, नगराध्यक्ष मिस्टर स्पार्गो, व्यासपीठावरचे आपले पाद्री रेव्हरंड लॅचम, आजचे सत्कारमूर्ती मिस्टर क्लेमंट ऑड्ले, आणि मार्लकोमच्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षमहाशय ज्या खुर्चीवर बसले आहेत, ती मी केली. हे समोरचं मेज मी केलं. मागच्या घड्याळाची चौकट, दारावरची पाटी आणि तिच्यावरची अक्षरंही माझी. सत्कारमूर्तींना आज जी अक्रोडाची लेखनपेटी द्यायची आहे, ती मी एकही खिळा न मारता सांधली. गावाने ती करायला सांगितली तेव्हा मी चित्रपट पाहिलेला नव्हता. पण हाती घेतलेलं काम मी अर्धवट टाकत नाही. आणि ज्या चित्रपटामुळे आपले हेडमास्तर आता कथालेखक होऊन लंडनला निघाले आहेत, त्यातली घंटासुद्धा माझीच. आत लाकडी पट्ट्या, वर प्लास्टर, त्यावर काशाचा रंग. पडद्यावर ती खोटी आहे हे कुणी ओळखून दाखवावं.

ही कामं मला कुणी शिकवली नाहीत. पुस्तकं मात्र ऑड्लेमास्तरांनी दिली. अठरा वर्षं दर गुरुवारी त्यांच्याकडे माझा चहा असे. एका सुताराला इतक्या मानाने खुर्ची देणारा दुसरा हेडमास्तर मी पाहिला नाही. हे मी मनापासून सांगतो, आणि म्हणूनच पुढचंही सांगणं भाग आहे.

चित्रपट विनोदी आहे. पहिला अर्धा तास मीही हसलो. लढाईच्या दिवसांतलं गाव आहे. चर्चची घंटा शत्रू उतरला तरच वाजवायची, एरवी नाही. आणि ती वाजते. लोक चांदीची भांडी विहिरीत टाकतात, डुकरं मोकळी सोडतात. शत्रूचा मात्र पत्ता नाही. मग घंटा कुणी वाजवली? पडद्यावर कळतं ते असं, की सुताराची बायको आणि तरुण सहायक पाद्री मनोऱ्यात लपून बसले होते आणि धांदलीत त्यांचे पाय दोरात अडकले. बिचारा सुतार तिच्यासाठी आळ स्वतःवर घेतो. तो कानावर दोन पेन्सिली ठेवतो. मीही दोनच ठेवतो.

त्या जागी सगळं थिएटर माझ्याकडे वळून पाहत होतं. बाहेर पडताना खाटकाच्या दुकानातल्या पोकॉकबाई म्हणाल्या, "काय हो टकेट, आम्ही तेरा वर्षं तुम्हाला वेंधळे म्हणत होतो, आणि तुम्ही तर साधुपुरुष निघालात. त्या संध्याकाळी पहाऱ्यावर होतात ना तुम्ही? मग घरी कोण होतं?"

पोकॉकबाई, आपण तिसऱ्या रांगेत आहात. उत्तर देतो.

होय, सप्टेंबर १९४०मध्ये घंटा मी वाजवली नाही, माझ्या बायकोने, हेस्टरने वाजवली. हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं. चार वर्षांपूर्वी, तिला पुरून आल्यावर, दुपारी, मास्तरांच्या बागेत. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "अँब्रोज, हे माझ्याजवळच राहील."

(अध्यक्षांची चिठ्ठी मिळाली. आवरतं घेतो. पण तपशील चुकीचा राहिला तर मला झोप येत नाही, हे गावाला माहीत आहे.)

चित्रपटात ती अर्ध्या कपड्यांत आहे. प्रत्यक्षात तिने करडा कोट घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून, आणि डोक्यावर हॅट होती. हॅटशिवाय ती चर्चमध्ये कधी गेली नाही, जर्मन उतरले असं वाटत असतानाही नाही. चित्रपटात तरुण पाद्री आहे. त्या वर्षी मार्लकोमला सहायक पाद्री नव्हताच. रेव्हरंड लॅचम एकटे होते आणि तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते. त्यांच्या पायांनी मनोऱ्याच्या अठ्ठ्याहत्तर पायऱ्या होत नव्हत्या. चित्रपटात घंटा मिनिटभर घणघणते. मी टेकडीखालून मोजले होते, टोले अकराच पडले. शिकलेला हात नसला की तेवढेच पडतात.

मग तिने काय पाहिलं? विमानं अडवायला आकाशात सोडलेला एक मोठा फुगा तुटून गिरणीच्या कुरणात कोसळत होता, पांढरा, फडफडत. तिला ती शत्रूच्या सैनिकाची हवाई छत्री वाटली. मनोऱ्याच्या दारावर हुकूम होता, 'शत्रू उतरताना दिसल्यास कोणाचीही वाट न पाहता घंटा वाजवावी.' तो हुकूम माझ्याच अक्षरांत होता. तिने वाचला आणि केला. एकटी होती, घाबरलेली होती, तरी पळाली नाही. तुमच्यापैकी कितीजण तेव्हा तळघरात होते, ते मी आज विचारत नाही.

ती फार लाजाळू. चारचौघांत हसू झालं असतं तर तिने दाराबाहेर पाऊल टाकलं नसतं. मनोऱ्याची किल्ली माझ्याकडे, आमच्या घरी खुंटीवर असे, म्हणून मी मीच वाजवली असं सांगितलं. घंटावादकांच्या चमूतून मला काढलं. चमूच्या फलकावरचं माझं नावही मीच पुसलं, कारण गावात दुसऱ्या कुणाला ती अक्षरं जमत नाहीत. त्यानंतर मी दोराला हात लावलेला नाही. मास्तरांना हे सगळं ठाऊक होतं.

घंटा रंगवताना मी त्यांच्याकडे कथेची वही मागितली होती. म्हणाले, "शेवट आधी कळला तर मजा जाईल तुझी." चित्रपटानंतर मी विचारलं, "मास्तर, तो पाद्री कुठून आणला?" तर म्हणाले, "अरे, नुसत्या फुग्यावर कोण हसणार? आणि ती आता आहे कुठे वाईट वाटून घ्यायला?"

मी आहे, मास्तर.

असो. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. निरोपाच्या प्रसंगी जे बोलू नये ते बोललो असेन, किंवा एखादं माप चुकलं असेल, तर पदरात घ्यावं. मास्तरांना लंडनमध्ये उत्तम प्रकृती लाभो. ही त्यांची पेटी.

पेटीत एक कागद आहे. चित्रपट कंपनीचा तो कागद मास्तर स्वतः मंगळवारी माझ्या कारखान्यात घेऊन आले होते. मी एवढंच लिहून द्यायचं होतं, की मार्लकोमला असं काही घडलं नाही, आणि त्या सुताराची बायको म्हणजे कुणीच नव्हे. मी सही केलेली नाही. त्या सहीचे कंपनी मला देणार होती शंभर गिनी, म्हणजे एकशे पाच पौंड.