धाग्याला लागलेली नजर

हसणार नसाल तर सांगते. रजया शिवायचं मोठं लाँगआर्म मशीन घरी आलं, त्याच दिवशी सासूबाईंनी रिळाच्या दांडीला लिंबू-मिरची बांधली. तेव्हापासून धागा टिकेचना. सुई बदलली, धाग्याचं टेन्शन सैल केलं, बॉबिन झाडली. तरी वीतभर शिवण झाली की तुटलाच! आणि नणंदेच्या बाळाची रजई उद्या बारशाला न्यायची.

"लई नजर लागलीया गं," सासूबाई म्हणाल्या, "अजून एक बांधू."

दुसरी लिंबू-मिरची बांधताना मला दिसलं, धागा पहिल्या लिंबू-मिरचीच्या तारेला घासत होता! मी गुपचूप दोन्ही सोडून दाराला टांगल्या. मशीन सुसाट सुटलं.

सासूबाईंनी दाराकडं बघितलं. "मी म्हनत न्हवते, नजरच हाय? दारातच अडवली की न्हाय!"