मुदत त्यांची संपली, घराची नाही

नाही, मी काही कान लावून ऐकत नव्हते, जिन्यात उभी होते एवढंच, आणि समोरच्या खासदारांचा ड्रायव्हर फोनवर कुणाला तरी सांगत होता, 'कायदा होतोय, दोनच मुदती, मग पुन्हा उभं राहायचं नाही, आता साहेब कायमचे घरी, आणि...' आणि मेला बोलत बोलत खाली उतरून गेला! आणि काय? हे 'आणि' घशात अडकवून माणसानं जेवायचं कसं?

तुम्हाला सांगते, अख्खा देश खूश. दूधवाला म्हणतो, बरं झालं, चिकटून बसतात खुर्चीला. आमचे हेही टीव्हीपुढे मान डोलवतायत. ह्यांचं काय जातंय, हे सकाळीच कामावर निघतात. दिवसभर समोर मी राहते ना!

भाऊजी, म्हणजे हे समोरचे खासदार, वाईट नाहीत हो. पण बोलणं... सुट्टीत घरी आले की चमचाभर साखर मागायला जायची चोरी. उभे राहतात, शर्ट खाली ओढतात, 'वहिनी, आपण साखरेचा प्रश्न उपस्थित केलात, त्याला तीन पैलू आहेत.' दुसऱ्या पैलूपर्यंत इकडे माझं दूध उतू! मध्ये तोंड उघडलं तर हात वर करून म्हणतात, 'अध्यक्ष महोदय, मला संरक्षण हवंय.' कुणाकडे बघून? फ्रिजकडे.

एरवी ते राजधानीत, म्हणून तर दोन्ही दारं उघडी टाकून ताई नि मी दुपारभर हसत बसायचो. ताई म्हणजे त्यांची बायको, माझी जिवाभावाची. कायद्याचं तिच्या कानावर घातलं, तर तिचा भाजी निवडता निवडता हातच थांबला. म्हणाली, 'इतकी वर्षं ऐकावं लागलं नाही, म्हणून संसार टिकला गं.'

आणि झाला की कायदा! भाऊजी खोकी घेऊन हजर. मी ताईला जवळ घेतलं, म्हटलं रडू नको, वाटून घेऊ, सकाळी तू ऐक, दुपारी मी, समोरच राहते ना मी. ती माझ्याकडे बघेचना. मग हळूच म्हणाली, 'अगं, पक्षानं तिकीट मला दिलंय. मुदत त्यांची संपली, घराची नाही.'

म्हणजे बघा, ड्रायव्हरचं मी निम्मंच ऐकलं, त्याच्या 'आणि'पुढे ताई होती. साहेब घरी आले, खुर्ची कुठे आली?

मत मीच दिलं हो तिला, मैत्रीण ना! निवडून आली, गेली. जाताना नवी साडी, चेहरा असा उजळलेला की मला रागावताही येईना. आता दार लावून घ्यावं म्हणते, तर समोर तो एकटा माणूस, रिकाम्या खुर्च्यांपुढे उभा... माझाच हात कडीपर्यंत जात नाही. जाते, बसते, ऐकते.

दोन मुदती मिळतील ताईला. मिळू देत. ती राजधानीत काढेल, आणि मी इथे. समोर मी राहते ना.