डावीकडचं मागचं दार

परीक्षक : मॅडम, रागावू नका. पुन्हा सांगतो, रंग ओरिजिनल आहे, काचा ओरिजिनल आहेत, टायरसुद्धा कारखान्यातून आले तेच आहेत. पस्तीस वर्षांच्या गाडीला असे टायर मी पहिल्यांदाच बघतोय. माझं म्हणणं फक्त या एका दाराबद्दल आहे.

बाई : डावीकडच्या मागच्या.

परीक्षक : हो. बाकीची तीन दारं लावली की एकसारखा आवाज येतो. याचा वेगळा येतो. फटही केसभर कमी आहे. म्हणजे हे दार कधीतरी उतरवून पुन्हा बसवलंय. आणि उगाच कुणी दार उतरवत नाही. मला फॉर्मवर ‘अपघातानंतर दुरुस्ती’ असं लिहावं लागेल.

बाई : त्रेचाळीस किलोमीटर चाललेल्या गाडीला कसला अपघात? शोरूमच्या माणसाने इथे आणून लावली, तेवढीच ती चाललीय.

परीक्षक : मीटरची केबल कुणालाही काढता येते, मॅडम.

बाई : माझ्या गॅरेजमध्ये नाही. तुमच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनातला कप मिळो न मिळो, मला त्याचं काही नाही. पण तो शब्द माझ्या गाडीच्या कागदावर नको. म्हणून तर या मिस्त्रींना बोलावलंय. त्या कारखान्यात हे दारं बसवायचे. कामगार संघटनेला चार पत्रं धाडली, तेव्हा कुठे पत्ता लागला. मिस्त्री, तुम्ही बाहेर का उभे? आत या ना.

फिटर : चपला पुसतोय. फरशी केवढी लख्ख ठेवलीय.

बाई : फरशी पुसता येते. या.

फिटर : आयला... माफ करा, बाई, तोंडातून गेलं. पण ही तर अगदी लाइनवरून उतरल्यासारखी आहे. आमच्या हातची गाडी मी अशी पुन्हा बघेन असं वाटलं नव्हतं. मला दिसतात त्या भंगारात. दारं तेवढी शाबूत असतात.

परीक्षक : काका, तुम्ही दारंच बसवायचात?

फिटर : मागची. डाव्या बाजूची. एकवीस वर्षं. बाई, विचारू का? एवढी देखणी गाडी, एकदाही चालवावीशी वाटली नाही?

बाई : वाटली नाही कशी? सहा वर्षं नंबर लावून थांबले होते. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी राहायची, संध्याकाळी गाडी शिकायला जायची. गाडी आली त्याच्या तीन आठवडे आधी डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, कडेचं दिसणं हळूहळू जाणार. लायसन्स मिळालं नाही. आता समोर ताटाएवढं दिसतं, तेही उजेड असला तर.

फिटर : घरात दुसरं कुणी?

बाई : धाकटा भाऊ म्हणाला, ताई, मी फिरवतो तुला. मी म्हटलं, मागे बसून फिरायला मी गाडी घेतली नव्हती. मग सगळे मागे लागले, विकून टाक. का विकू? मला चालवता येत नाही म्हणून ती माझी नाही, असं थोडंच आहे? दर रविवारी बारा मिनिटं इंजिन सुरू ठेवते. गाडी ठोकळ्यांवर उचललेली आहे, चाकं हातानं फिरवते. मोहरीएवढा गंज आला तरी माझ्या बोटाला कळतो. कुठल्या चालवणाऱ्यानं गाडी एवढी ओळखली असेल, सांगा.

परीक्षक : हे मात्र खरं. जुन्या गाड्या अठरा वर्षं तपासतोय, असा गाडीचा सांभाळ पाहिला नाही. म्हणून तर मलाही जिवावर आलंय.

फिटर : बाई, दार उघडू?

बाई : तुमचंच आहे. उघडा.

(फिटर दार उघडतो, खालून किंचित उचलून पाहतो आणि लावतो. मग पुन्हा एकदा लावतो.)

परीक्षक : ऐकलंत ना?

फिटर : ऐकलं. बाई, हा आवाज तुमच्या कधी लक्षात आला?

बाई : खरं सांगू? गाडी येऊन दोन वर्षं झाली होती. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी अकरा दिवस दवाखान्यात होते. किल्ली भावाकडे होती. घरी आले, गाडीभोवती फिरून पहिल्यांदाच ओळीनं एकेक दार लावून ऐकलं, आणि हे दार वेगळं वाजलं. मीटर जिथल्या तिथे होतं. पण या साहेबांना जे वाटलं तेच मलाही वाटलं.

परीक्षक : भावाला विचारलं नाहीत?

बाई : नाही. विचारलं असतं आणि तो ‘नाही’ म्हणाला असता, तर माझा विश्वास बसला नसता. म्हणून विचारलंच नाही. किल्ली मात्र त्या दिवसापासून माझ्या गळ्यात आहे. त्यानंही कधी मागितली नाही.

फिटर : बाई, त्या बिचाऱ्यानं काही केलेलं नाही. हे माझं काम आहे.

परीक्षक : तुमचं कसं?

फिटर : दार खाली बसत असलं की बिजागरीमागे पत्र्याची पट्टी सरकवायची, म्हणजे ते वर येतं. एके दिवशी पट्ट्या संपल्या. स्टोअर बंद. नेमकी अशीच हिरवी गाडी आली आणि दार सूतभर खाली. फोरमन ओरडला, सोड, मागची गाडी येतेय. पण तसं दार दोन पावसात रबर खातं, पाणी आत येतं, गालिचा कुजतो. माझ्या हातून गेलेल्या दारातून पाणी? छे. छातीवर पितळेचा बिल्ला होता, हजेरीचा. कातरीनं कापला आणि पट्टी म्हणून घातला. पितळ पत्र्यापेक्षा जाड, त्यामुळे दार जरा घट्ट बसलं. म्हणून आवाज निराळा.

परीक्षक : काका, गोष्ट छान आहे. पण ती याच गाडीची कशावरून?

फिटर : खात्री मलाही नाही, पण आवाज तसाच आहे. त्या दिवशी हिरव्या तीन गेल्या. मात्र माझा नंबर होता दोनशे चौऱ्याहत्तर, इंग्रजी आकड्यांत ठोकलेला. कापताना चार मधोमध चिरला, आणि दोन आणि सात पलीकडच्या तुकड्यावर गेले. वरच्या बिजागरीमागे पितळ असेल आणि त्यावर अर्धा चार असेल, तर ती हीच गाडी.

परीक्षक : मग बिजागरीचा स्क्रू जरा सैल करून...

बाई : स्क्रूला हात लावायचा नाही.

परीक्षक : मॅडम, तुमच्याच फायद्याचं आहे.

बाई : फायदा गेला खड्ड्यात. पस्तीस वर्षांत एकही स्क्रू फिरलेला नाही. आजही फिरणार नाही.

फिटर : बरोबर आहे त्यांचं. साहेब, तुमच्या पेटीत तो दातांच्या डॉक्टरसारखा आरसा दिसतोय. तो घाला की. मी बॅटरी धरतो. अजून वर. आता आत वळवा.

परीक्षक : थांबा... काहीतरी पिवळं चमकतंय. नखाएवढं बाहेर आलंय. हात हलवू नका, काका. यावर ठोकलेली रेघ आहे. उभी... आणि तिला एक तिरकी... च्यायला, चारच आहे!

बाई : अर्धा?

परीक्षक : अर्धा. काका, तुम्ही पाहण्याआधी सांगितलंत आणि तसाच आहे.

फिटर : दुसऱ्या दिवशी बिल्ला नाही म्हणून गेटवरच अडवलं. तीन दिवस बाहेर बसवलं. बायकोनं विचारलं, बिल्ला कुठे हरवला? म्हटलं, हरवला नाही, कामाला लावलाय. तिला काही ते पटलं नाही.

बाई : पाणी आलं नाही हो आत. एक थेंबसुद्धा नाही. दर पावसाळ्यात मी गालिच्यावर हात फिरवून बघते.

फिटर : ते आता मी तिला घरी जाऊन सांगतो.

बाई : आणि मला आज भावाला फोन करायचाय. काय बोलायचं ते अजून सुचत नाही. प्रदर्शनाला ये, एवढं तरी म्हणेन.

परीक्षक : मग मी लिहितो. अपघात, नाही. दुरुस्ती, नाही. सर्व भाग मूळ. काका, इथे साक्षीदार म्हणून तुमची सही लागेल. आणि या रकान्यात गाडीशी संबंध लिहायचा असतो. मालक, वारस, विक्रेता, असं काहीतरी.

फिटर : माझा कसला संबंध? साडेतीन मिनिटं मिळायची एका गाडीला. मग ती पुढे सरकायची.

परीक्षक : पण रकाना कोरा ठेवता येत नाही.

बाई : लिहा, माहेरचे.