आईच्या हाताची चाल

मी, गल्लीत लाँड्रीवाल्या मावशी म्हणून ओळखली जाणारी, वय बहात्तर, धंदा पूर्वी लाँड्री, आता काही नाही, राहणार त्याच बंद लाँड्रीच्या वरची खोली, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते तो असा :

माझे वडील मूकपटांत विनोदी कामं करायचे. पडद्यावर त्यांना धडपड्या म्हणत. जिन्यावरून, शिडीवरून, सायकलवरून पडणं हाच त्यांचा धंदा. बोलपट आले तसं नुसत्या पडणाऱ्याला कोणी विचारेना, म्हणून आईवडिलांनी लाँड्री काढली. त्यांच्या एका चित्रपटाची रिळं आईने पत्र्याच्या डब्यांत घालून इस्त्रीच्या धगीपासून लांब, मागच्या खोलीत जपली होती. ती पुढे माझ्याकडे आली.

काही वर्षांपूर्वी डिस्क कंपनीचे गृहस्थ घरी आले. आज ज्यांची फिर्याद आहे ते हेच. जुने मूकपट स्वच्छ करून ते घरी बघायच्या डिस्कवर विकतात. मी हक्काचं विचारलं. ते म्हणाले, "मावशी, त्याची मुदत केव्हाच संपली. आता हा चित्रपट कोणाचाच नाही. तुमचाही नाही, आमचाही नाही." मला बरं वाटलं. म्हटलं, निदान लोक बघतील. मी डबे दिले. पावती घेतली नाही, चहा मात्र पाजला.

डिस्क आली तेव्हा वेष्टनाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की सर्व हक्क कंपनीचे. मी फोन केला. ते म्हणाले, "चित्रपट मोकळाच आहे हो, पण साफसफाई आमची, संगीत आमचं, म्हणून ही प्रत आमची." मी जन्मभर लोकांचे कपडे धुतले. डाग काढला म्हणून सदरा माझा झाला, असं एकाही गिऱ्हाइकाला सांगायची अक्कल मला सुचली नाही. हवालदारसाहेब म्हणतात हे लिहायची गरज नाही. मी म्हणते, लिहा.

चित्र लख्ख झालं आहे हे मी मान्य करते. वडिलांच्या कोटाची बटणंसुद्धा मोजता येतात. पण त्यात वडील हळू पळतात. शिडीवरून पडतात ते गुडघे धरलेला म्हातारा खाली बसावा तसे. आमच्या ज्येष्ठ मंडळाच्या खोलीत मी डिस्क लावली तर कोणी हसलं नाही. निवृत्त मास्तर म्हणाले, "यांना बरं नव्हतं का तेव्हा?" मी उठून दिवा लावला.

याचं कारण असं. त्या काळी कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवत. हात सावकाश चालवला की फिल्मवर चित्रं कमी पडतात, आणि तीच पडद्यावर नेहमीच्या चालीने दाखवली की माणूस वाऱ्यासारखा पळतो. वडील पळताना हात सावकाश, पडताना त्याहून सावकाश, उठून टोपी झटकताना पुरता वेग, हे सगळं ठरवून केलेलं होतं. ते हँडल माझी आई फिरवायची. तिचं नाव चित्रपटात कुठेही नाही. लाँड्रीत कपडे पिळायचं यंत्र होतं, त्यालाही हँडल होतं. त्यावर माझा हात ठेवून आई दाखवायची, "हा तुझा बाप पळाला. हा पडला. आता उठला बघ." वडील इस्त्री करता करता म्हणायचे, "पडायचो मी, पण हसवायची ही." माझ्या हातात ती चाल अजून आहे.

कंपनीने ती काढून टाकली. डिस्कवर शेवटी त्यांच्या तज्ज्ञांची मुलाखत आहे. ते हसत हसत सांगतात की कॅमेरामन नवशिका असावा, त्याला हँडल एकसारखं फिरवता येत नव्हतं, तो दोष आम्ही दूर केला आणि माणसं माणसांसारखी चालायला लागली. ते ऐकून माझ्या तोंडातून जे निघालं ते सरकारी कागदावर येण्यासारखं नाही. मी कंपनीच्या गृहस्थांना फोन लावला. ते म्हणाले, "मावशी, पुरावा काय?" मी म्हटलं, "या इकडे, फिरवून दाखवते." ते म्हणाले, "बघतो." त्यांनी अजून बघितलेलं नाही.

माझा भाचा, म्हणजे धाकट्या बहिणीचा मुलगा, लग्नाच्या व्हिडिओंची काटछाट आणि जोडणी करतो. मी त्याच्या टेबलावर हात फिरवत गेले आणि त्याने कॉम्प्युटरवर डिस्कची चाल माझ्या हातावर बसवली. ती मंडळात दाखवली. शिडीच्या प्रसंगाला मास्तरांचा चष्मा हसून हसून मांडीत पडला. ज्यांनी मागितली त्यांना भाच्याने प्रत काढून दिली. पैसे कोणाकडून घेतले नाहीत.

ती प्रत कंपनीपर्यंत मास्तरांनीच पोचवली. चुगली म्हणून नव्हे, कौतुकाने. तुमच्यापेक्षा मावशींची चाल बरी, पुढची डिस्क अशीच काढा, असं त्यांनी कळवलं. मूर्ख मित्रापेक्षा शहाणा शत्रू बरा म्हणतात. पण मास्तरांवर माझा राग नाही. इतकं मनापासून हसलेल्या माणसावर राग धरता येत नाही.

कंपनीने डिस्कची नक्कल केल्याची फिर्याद दिली, आणि काल पोलिसांनी भाच्याचा कॉम्प्युटर त्याच्या दुकानातून उचलून आणला. त्यात लोकांच्या लग्नांचं अर्धवट काम आहे. भाच्यालाही आणलं. तो समोरच्या बाकावर बसला आहे. मला म्हणाला, "मावशी, तू बोलू नकोस काही. मी निस्तरतो." त्याच्या घरी दोन मुलं आहेत. चाल मी सांगितली, प्रती मी वाटायला लावल्या, त्याने फक्त ऐकलं.

कंपनीचे गृहस्थ फिर्याद मागे घ्यायला तयार आहेत. मी एवढंच लिहून द्यावं की डिस्कवरची चाल हीच मूळ आहे, आणि माझ्या आईचा या चित्रपटाशी संबंध नव्हता. नाहीतर उद्या वारस म्हणून आणखी कोणी उभं राहील, असं ते म्हणाले. हवालदारसाहेबांनी मला बाजूला घेऊन समजावलं, "मावशी, गेलेल्या माणसाला काय फरक पडतो? जिवंत पोराकडे बघा." मी बघितलं.

तरी वर लिहिलेलं काही खोडायचं नाही, या बोलीवर पुढचं सांगते. डिस्कवरची चाल मूळ आहे आणि योग्य आहे. माझ्या आईने कॅमेऱ्याला कधी हात लावला नाही. ती लाँड्रीत कपडे पिळायची.

कंपनीच्या गृहस्थांनी तेवढाच परिच्छेद वाचला आणि मान हलवली. भाच्याला सोडलं. तो म्हणाला, "मला सोडवायला आजीला कशाला नाकारलंस?" आणि माझ्यासाठी न थांबता पायऱ्या उतरून गेला.

हवालदारसाहेबांनी जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे. ऐकताना माझा उजवा हात टेबलावर गोल फिरत होता, असं ते म्हणाले. माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता तो थांबवला आहे, आणि त्याच हाताने खाली सही करते.