गोदीचं गेट

जुन्या गोदीच्या जागी नवी वस्ती उभी राहणार होती. शाळेच्या हॉलमध्ये तिचं मॉडेल मांडलं होतं. जुन्यातलं जे राहायला हवं त्यावर लोकांनी हिरवी टिकली लावायची, जे जायला हवं त्यावर लाल. रांग काही सरकेना. रांगेत उभ्या एका शिवणवाल्या बाईंचा जीव दुकानात अडकलेला, आणि त्यांच्या पुढचं म्हातारं जोडपं मॉडेलसमोर अडून बसलेलं.

"अहो, गेटवर हिरवी लावू नका."

"का गं? जन्म गेला माझा त्या गेटातून ये-जा करण्यात."

"तुमचा आत गेला. माझा बाहेर, तुमचा डबा धरून."

"वॉचमन बायकांना सोडायचा नाही, त्याला मी काय करू? क्रेन चालवायचो मी. गोदी काय माझ्या बापाची होती?"

"घर बंदरात, आणि मी पाणी पाहिलं ते तुमचे शर्ट पिळताना!"

"बरं बाई, लाव तुझी लाल. पण मग भेटायचं कुठे? आपण कायम गेटापाशीच भेटलो."

"मी पाण्याजवळ बसलेली असेन. या खेपेला डबा तुम्ही आणायचा."

तिनं गेटवर लाल टिकली दाबून बसवली. हातातली हिरवी घेऊन म्हातारबुवा मॉडेलभोवती फिरले, आणि वाकून ती पाण्याकाठच्या इवल्याशा बाकावर लावली.

"डब्यात काय आणू, तेवढं आत्ताच सांगून ठेव."